थॉमस पेनचा मूळ धंदा



स्त्रियांच्या अंतर्वस्त्राविषयी गिरणीकामगारांत वावरलेल्या माणसाने बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु महात्मा फुल्यांनी १८४७ साली ज्याचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले, तो थॉमस पेन धंद्याने याच वस्त्राचा कारागीर होता. पेनविषयी बोलताना आपण ही गोष्ट एका वाक्यात उरकतो. आज मी त्या वाक्यापाशीच थांबणार आहे.

अठराव्या शतकातील इंग्रज स्त्रिया झग्याखाली एक ताठ कंचुकी घालीत. पुढे तिला कॉर्सेट हे नाव रूढ झाले. ती शरीराच्या मापाने बेतीत हे खरे. पण अंगावर चढली की शरीरालाच आपला घाट देई, वर रुंद आणि कमरेशी निमुळता, उलट्या शंकूसारखा. लिननच्या जाड कापडाचे थर एकावर एक ठेवायचे, त्यांवर जवळजवळ समांतर टिपा घालायच्या, आणि दोन टिपांमध्ये जी अरुंद नळी तयार होई तीत 'व्हेलबोन'ची पट्टी सरकवायची. नाव व्हेलबोन, तरी ते हाड नव्हे. देवमाशाच्या वरच्या जबड्यातून झालरीसारखी लोंबणारी, आपल्या नखांच्या जातीची ती लवचीक वस्तू. पट्ट्या कोठे उभ्या, कोठे तिरप्या, छातीवर आडव्या. सगळी मेख या मांडणीत. टिपांच्या ओळीही त्याच वळणाने जात, आणि रंगीत रेशमी धागा वापरला की त्यांचीच नक्षी होई. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अशा कंचुक्या जपून ठेवल्या आहेत. झग्याआड झाकल्या जाणाऱ्या वस्तूवर एवढी मेहनत!

ही मेहनत कोणाची? बेतणे, कापणे आणि पट्ट्या बसवणे पुरुषांकडे होते. फ्रान्सच्या राजाने १६७५ साली शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र संघ दिला, तरी ताठ कंचुकीचा हक्क शिंप्यांकडेच ठेवला. १७४७ साली लंडनमधील धंद्यांची माहिती देणारे एक पुस्तक निघाले. त्याचा लेखक सांगतो की हे काम बायकांच्या शक्तीबाहेरचे आहे. टिपा घालायला मात्र बायकाच लागत, आणि त्याही कमी मजुरीत. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतल्या बायकांना असेच 'हलक्या' कामाचे म्हणत. हलके काय होते, तर त्यांचे पगाराचे पाकीट.

पेन १७३७ साली थेटफर्ड येथे जन्मला आणि तेराव्या वर्षी बापाच्या हाताखाली हा धंदा शिकू लागला. १७५९ साली सँडविच गावी त्याने स्वतःचे दुकान घातले. ते चालले नाही. पुढे तो अबकारी खात्यात लागला. तेथला वार्षिक पगार पन्नास पौंड, त्यात भागेना. तेव्हा १७७२ साली त्याने सर्व अधिकाऱ्यांच्या वतीने पगारवाढीचे निवेदन लिहून छापले. पार्लमेंटने दाद दिली नाही. १७७४ साली त्याची नोकरी गेली, आणि तो अमेरिकेस निघाला. पुढचे आपणांस ठाऊक आहे.

त्याच्या शत्रूंनी मात्र त्याचा जुना धंदा विसरू दिला नाही. जानेवारी १७९३ मध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने ब्रिटानिया ओकच्या झाडाला कवटाळून उभी दाखवली. मागे पेन तिच्या पार्श्वभागावर पाय रोवून कंचुकीच्या नाड्या खेचतो आहे, आणि त्याच्या खिशातून मोजायची फीत लोंबते आहे. तिच्यावर 'राइट्स ऑफ मॅन' ही अक्षरे. राज्यघटना आवळणारा हा कोण टिकोजीराव, असा रोख. मला ते चित्र फार आवडते. टवाळीसाठी का होईना, पण हक्क मोजण्याचे काम मापे घेणाऱ्या कारागिराच्या हाती दिले ते याच चित्राने.

त्या चित्रात टिपा घालणाऱ्या बायका नाहीत. त्या मला भेटतात त्या फार पुढे, शिलाई यंत्रे येऊन धंदा कारखान्यात गेल्यावर. १९१२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात कालामझू येथे कॉर्सेटच्या कारखान्यातल्या शेकडो बायकांनी संप केला. मजुरी वाढवा आणि मुकादमांची लगट थांबवा, या मागण्या होत्याच. आणखी एक होती. शिवायला लागणारा दोरा त्यांना पदरच्या पैशाने कंपनीकडूनच विकत घ्यावा लागे; तो कंपनीने द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.