इंग्रजी कायद्यांतील जमिनीची मालकी

इ. स. १६६८ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केलें. खंड ठरला दरसाल १० पौंड, तोही सोन्यांत द्यावयाचा. बेट इतकें स्वस्त गेलें, ही शाळेंत शिकलेली गोष्ट श्रोत्यांस आठवत असेल. पण त्याच सनदेंतील दुसरें एक कलम सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कंपनीनें हें बेट लंडनजवळच्या ईस्ट ग्रीनिच येथील राजाच्या जहागिरीचा भाग समजून 'फ्री अँड कॉमन सोकेज' या पद्धतीनें धारण करावें, असें त्यांत म्हटलें आहे. माझगांवच्या आमराया थेम्स नदीच्या कांठीं कशा जाऊन बसल्या?

याचें उत्तर शोधण्यास १०६६ पर्यंत मागें जावें लागतें. त्या वर्षीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि सारी भूमि अखेर राजाची, हें तत्त्व तेथें रूढ झालें. १०८६ मध्यें त्यानें 'डूम्सडे' नांवाची जी प्रचंड पाहणी करविली, तींत कोणती जमीन कोण कोणाकडून धारण करतो याची नोंद आहे. धनी एकटा राजा. बाकीचे सारे धारक. सरदारानें लढाईस स्वार पुरवावयाचे, कुळानें जहागीरदाराचें शेत नांगरावयाचें. जशी चाकरी तशी जमीन. आपल्याकडील वतनाशीं हें कांहीं अंशीं जुळतें. लष्करी चाकरीच्या जमिनीमागें मात्र मोठी पीडा असे. धारक मेला आणि वारस अज्ञान असला, कीं इस्टेटीचें उत्पन्न धनी खाई, आणि त्या पोराचें लग्न जमविण्याचा हक्कसुद्धां पैसे घेऊन विकी! 'सोकेज'मध्यें ही कटकट नव्हती. ठरलेला खंड भरला कीं संपलें. म्हणून नव्या वसाहतींच्या सनदा ईस्ट ग्रीनिचच्या नांवानें देण्याची चाल पडली. १६०६ ची व्हर्जिनियाची सनद अशीच आहे. १६६० मध्यें पार्लमेंटनें लष्करी धारणा मोडूनच टाकली होती. तरी मुंबईच्या सनदेंत जुनें वाक्य तसेंच उतरलें. वकिलांना जुनें वाक्य टाकवत नाहीं, हेंच खरें.

मग प्रजेच्या हातीं काय उरलें? इंग्रज कायदेपंडितांची तोड मोठी चतुराईची आहे. प्रजेची मालकी प्रत्यक्ष मातीवर नव्हे, तर ती माती भोगण्याच्या काळावर. कोणाचा भोग हयातीपुरता, कोणाचा वंश चालेल तोंवर, आणि 'फी सिंपल' धारण करणाराचा जवळजवळ अखंड. एकाच शेतावर विधवेचा आजचा हक्क आणि मुलाचा उद्यांचा हक्क, दोन्हीही खरे. १२९० च्या कायद्यानें स्वतंत्र धारकास धन्याच्या परवानगीवांचून जमीन विकण्याची मोकळीक मिळाली, आणि तेव्हांपासून वरच्या धन्याची सत्ता हळूहळू कागदापुरती होत गेली.

याहूनही महत्त्वाची कल्पना ताब्याची. तिला 'सीझिन' म्हणत. जमीन द्यावयाची ती साक्षीदारांसमक्ष त्याच जमिनीवर उभें राहून, मातीचें ढेंकूळ अगर झाडाची डहाळी घेणाराच्या हातांत ठेवून. अशा ताब्याला बाराव्या शतकांत दुसऱ्या हेन्रीनें संरक्षण दिलें. जमिनीवरून हुसकलेल्या माणसानें राजाच्या न्यायाधीशांकडे यावें. त्यांनीं आसपासच्या १२ जणांस एवढेंच विचारावें कीं, यास अन्यायानें आणि निवाड्यावांचून काढलें काय? खरा मालक कोण, हा वाद मागाहून. जंगम वस्तूंतही हाच विचार दिसतो. १७२२ मध्यें लंडनच्या एका धुराडीं झाडणाऱ्या पोरास रत्नजडित दागिना सांपडला. तो त्यानें सोनाराकडे दाखविण्यास नेला, तों दुकानांतल्या उमेदवारानें खडे काढून घेतले आणि किरकोळ पैसे पुढें केले. कोर्टानें निकाल दिला कीं, खऱ्या मालकाखेरीज साऱ्या जगाविरुद्ध दागिना पोराचा. आणि खडा हजर न केल्यास त्या कोंदणांत बसेल असा उत्तमांतला उत्तम खडा धरून सोनारानें किंमत भरावी.

मुंबईंत मात्र ताब्याची परीक्षा अधिक कठीण झाली. १६६५ च्या फेब्रुवारींत हंफ्रे कूक यानें पोर्तुगीजांकडून बेट घेतलें, तेव्हां तो जमिनीवर चालला, माती व दगड हातीं घेतले, बुरुजाच्या भिंतींस हात लावला, अशी त्या वेळच्या दस्तऐवजांत नोंद आहे. पण त्या मूठभर मातीबरोबर लोकांचीं शेतें आणि माडांच्या वाड्याही राजाच्या झाल्या काय? रहिवाशांच्या मिळकतींस धक्का लागणार नाहीं, असें कूकनें करारांत कबूल केलें होतें. तरी पुढें कित्येक जमिनी सरकारजमा झाल्या, आणि ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट चालत आली त्यांच्यावर हक्क सिद्ध करण्याची पाळी आली. अखेर गव्हर्नर जेराल्ड आंजियर यानें १६७२ मध्यें रहिवाशांशीं करार केला. त्यांनीं दरसाल २०,००० झेराफिन द्यावे आणि कंपनीनें, कांहीं जागा वगळून, जमिनींवरील आपला दावा सोडावा, असें ठरलें. १६७४ मध्यें हा करार कायम झाला. त्यांतून निघालेल्या वार्षिक देण्यास 'पेन्शन' हें नांव पडलें, आणि मुंबईच्या जुन्या दप्तरांत त्या जमिनी 'पेन्शन अँड टॅक्स' या सदराखालीं मांडलेल्या सांपडतात.