काचेची धूळपाटी

टॅब्लेटवर रेखाटन करणाऱ्याने कागदाची परंपरा सोडली, अशी खंत सतत कानी येते. पण या साधनाची कुळकथा कागदाच्याही मागे जाते आणि तिचा एक दुवा खानदेशात आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणादेवी परिसरात शके ११२८ चा उल्लेख असलेला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. त्या ग्रंथांतली ११५० ची ‘लीलावती’ म्हणजे पाटीगणित. पाटी म्हणजे फळी. तिच्यावर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने आकडे मांडायचे, म्हणून या गणिताला धूलिकर्मही म्हणत. मराठीतली धूळपाटी आणि धुळाक्षरे याच घराण्यातली. ‘टॅब्लेट’ या शब्दाचा मूळ अर्थही छोटी फळी असाच.

शब्द जुळले म्हणून कूळ जुळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पुरावा कामाच्या रीतीत शोधावा लागतो. धूळपाटीवर गुणाकार करताना मधले आकडे पुसून त्यांच्या जागी नवे मांडत पुढे जात. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल-उक्लीदिसी या गणितज्ञाने हे भारतीय गणित शाई-कागदावर आणले, तेव्हा न पुसता चालेल अशी रीत त्याला नव्याने बसवावी लागली. पृष्ठभाग बदलला की विचाराची चालही बदलते, ती अशी. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ या संगणक-प्रणालीमध्ये पडद्यावरची रेघ प्रकाशलेखणीने काढता, हलवता आणि पुसता येऊ लागली, तेव्हा पुसण्याची जुनी मुभा परतली. आज चुकलेली रेघ मागे घेऊन पुन्हा काढणारा चित्रकार तीच मुभा वापरतो.

यावर कोणी म्हणेल, धूळ काहीच राखत नाही, टॅब्लेट मात्र सगळे साठवतो. खरे आहे, आणि साठवण हा कागदाकडून आलेला वारसा आहे. टॅब्लेटला दोन घराणी लाभली आहेत, पुसणारे आणि राखणारे. कागदाचा खरखरीतपणा काचेला नाही, हेही मान्य करायला हवे. दाब ओळखणारी लेखणी ती उणीव पूर्ण भरून काढत नाही, त्यामुळे कागदाची गरज संपलेली नाही. पण नवशिक्याचा हात अडतो तो बहुधा कागद वाया जाईल या धास्तीने. ज्या मातीत धुळीवर गणित शिकवले गेले, तिथल्या मुलाने काचेवर दहादा पुसून अकराव्यांदा नेमकी रेघ काढली, तर त्याने परंपरा सोडली असे म्हणता येणार नाही. तो तिच्या अधिक जुन्या शाखेवर शिकतो आहे.