हार्ड डिस्क न सापडणे (संगणकातील दोष)

संगणक सुरू झाल्यावर त्याला जोडलेली हार्ड डिस्क ओळखता न येणे, या दोषाला व्यवहारात 'हार्ड डिस्क डिटेक्ट न होणे' असे म्हणतात. अशा वेळी पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' अशी सूचना येते, अथवा जोडलेली दुसरी डिस्क यादीत दिसतच नाही. डिस्क न दिसणे आणि तिच्यावरील माहिती नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळदा दोष केबल, वीजपुरवठा किंवा मांडणीत असतो आणि माहिती जागच्या जागी असते. घाईने केलेल्या दुरुस्तीत मात्र ती खरोखर गमावली जाऊ शकते.

ओळख पटण्याची प्रक्रिया

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील बायोस (नव्या यंत्रांत यूईएफआय) प्रत्येक जोडणीवर 'कोण आहे?' अशी विचारणा करतो. डिस्कमधील तबकड्या तोवर ठरलेल्या वेगाने फिरू लागलेल्या असतात. हेड तबकडीवर येते, राखीव भागातील स्वतःच्या कामकाजाच्या सूचना वाचते आणि मग डिस्क आपले नाव, क्रमांक व क्षमता कळवते. वर्गातल्या हजेरीसारखाच हा प्रकार आहे: मूल बाकावर बसलेले असले तरी 'हजर' म्हटले नाही, तर नोंद गैरहजेरीचीच होते.

ही पहिली पायरी ओलांडल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर डिस्कचा ताबा घेतो. त्यानंतर विभागांचा तक्ता (पार्टिशन टेबल) वाचला जातो आणि प्रत्येक विभागाला 'सी', 'डी' अशी अक्षरे मिळतात. डिस्क यांपैकी कोणत्या पायरीवर हरवली, हे ठरवणे म्हणजेच निम्मे निदान होय. बायोसमध्येच नाव नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधत नाही. नाव असेल, तर केबल बदलण्यावर खर्च करण्याचे कारण बहुधा उरत नाही.

पूर्वीची स्थिती

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली 'रॅमॅक' संगणकासोबत आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. १९८०च्या दशकातील घरगुती संगणकांत डिस्कवरील सिलिंडर, हेड व सेक्टर यांची संख्या वापरकर्त्याला स्वतः बायोसमध्ये भरावी लागे आणि आकडा चुकला की डिस्क मिळत नसे. पुढे डिस्क स्वतःच ओळख सांगू लागली. तरीही ४० पिनांच्या रुंद पट्टीच्या केबलवर दोन डिस्क जोडल्यास एकीचा जंपर 'मास्टर' व दुसरीचा 'स्लेव्ह' असा लावावा लागे. दोन्ही मास्टर झाल्यास बहुधा एकही दिसत नसे. २००३च्या सुमारास आलेल्या साटा जोडणीत एका केबलवर एकच डिस्क असल्याने हा घोळ संपला.

निदान

सर्वप्रथम ऐकावे. डिस्क फिरण्याची हलकी घरघर येत असेल, तर तिला वीज मिळते आहे. आवाजच नसेल, तर वीजपुरवठ्याची साटा जोडणी (१५ पिनांची) बदलून पाहावी. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते व फिरायला लागताना दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, त्यामुळे जुना, थकलेला पॉवर सप्लाय नेमक्या त्याच क्षणी कमी पडतो. लॅपटॉपच्या यूएसबी तोंडाला लांब केबलने लावलेल्या बाह्य डिस्कबाबतही असे घडते. ठराविक अंतराने 'टक्-टक्' असा आवाज येत असेल, तर हेडला तबकडी वाचता येत नाही असे समजावे आणि संगणक तेथेच बंद करावा. अशी डिस्क 'अजून एकदा' चालू करून पाहणे तबकडीचा पृष्ठभाग खरवडण्यास कारण ठरू शकते.

आवाज नेहमीचा असेल, तर वीज पूर्ण बंद करून सात पिनांची माहितीची केबल काढून पुन्हा बसवावी. नंतर दुसरी केबल व मदरबोर्डवरील दुसरे तोंड वापरून पाहावे, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काही मदरबोर्डांवर एम-टू खाचेत नवी एसएसडी बसवताच साटाचे एखादे तोंड आपोआप बंद पडते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे नमूद असते आणि पुस्तिका सहसा कोणी वाचत नाही. सर्वांत निर्णायक चाचणी म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या, चालू संगणकाला जोडणे.

मांडणीतील दोषांत बायोसच्या सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या बॅटरीचा वाटा मोठा आहे. संगणक महिनोन्‌महिने विजेपासून तोडलेला राहिला की ही बॅटरी झिजते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये उघडलेल्या शाळेच्या संगणक कक्षात काही यंत्रांचे घड्याळ अनेक वर्षे मागे गेलेले आढळते, ते यामुळेच. घड्याळासोबत डिस्कची पद्धत (आरएआयडी किंवा एएचसीआय) आणि सुरू होण्याचा क्रमही मूळपदावर जातो, आणि काल चालणारे विंडोज आज निळा पडदा दाखवते. बॅटरी बदलून पूर्वीची मांडणी परत लावल्यास ते सुरू होते. मात्र बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क असे बदल होताच ४८ अंकी किल्ली मागू शकते; ती आधीच लिहून ठेवलेली असावी. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी दिसते. तेथे डिस्क निर्दोष असून साठवणुकीचा वेगळा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

सोलापूरसारख्या शहरातील कारणे

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते. बंद पेटीत ते आणखी काही अंशांनी वाढते, आणि हार्ड डिस्कसाठी उत्पादकांनी दिलेली मर्यादा साधारण ६० अंशांची असते. यंत्रमागांच्या परिसरात त्यात कापसाच्या तुसाची भर पडते. तूस डिस्कच्या आत जात नाही, कारण तिच्या श्वासछिद्राला गाळणी असते (या छिद्रावर लेबल चिकटवू नये). ते पंखा व पॉवर सप्लायच्या जाळ्या बुजवते आणि उष्णता कोंडते. डिस्क उघडून आत पाहणे मात्र घातक आहे. फिरत्या तबकडीपासून हेड अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. कापसाचा एक तंतू त्या अंतराच्या हजारपटीहून अधिक जाड असतो.

या शहराच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. सोलापुरी चादरीची नक्षी परंपरेने जकार्ड मागावर विणली जाते. नक्षी आधी आलेख कागदावर चौकटीचौकटींत भरतात, मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छिद्रे पाडतात. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ साली सिद्ध केलेली ही रचना होय. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रांचे पत्तेच आकडेमोडीसाठी वापरले, आणि संगणकाच्या साठवणुकीची एक वाट तेथून निघाली. पत्ता फाटला तर विणकराला दोष कापडावर दिसतो आणि तो एकच पत्ता बदलता येतो. नक्षी संगणकावर तयार करून फाइलमध्ये ठेवली की ही सोय राहत नाही. डिस्क दिसेनाशी झाली की सर्व नक्ष्या एकाच वेळी दिसेनाशा होतात आणि हाती घेतलेले काम अडते. अशा ठिकाणी नक्ष्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत असणे आवश्यक ठरते.

अंतर्गत सूचनांतील दोष

डिस्क धडधाकट असूनही तिच्या आतील सूचनांतील (फर्मवेअर) चुकीमुळे ती नाहीशी होऊ शकते. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतील काही डिस्क संगणक सुरू करताना अचानक बायोसमध्ये दिसेनाशा होत. २००९च्या जानेवारीत कंपनीने हा दोष मान्य केला व सुधारित सूचना दिल्या. त्या डिस्कवरील माहिती शाबूत होती. याउलट २०१९मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने काही एसएसडींबाबत जाहीर केले की, त्या ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतील आणि माहितीही परत मिळणार नाही. हा काळ पावणेचार वर्षांहून किंचित कमी भरतो. एकाच वेळी सुरू केलेल्या सर्व्हरमधील सर्व एसएसडी त्यामुळे जवळजवळ एकाच वेळी बंद पडण्याचा धोका होता.

माहिती वाचवताना

डिस्क बायोसमध्ये दिसते पण विंडोज 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' करण्यास सुचवते, अशी स्थिती असल्यास नकार द्यावा. पहिल्या क्रियेने विभागांचा तक्ता नव्याने लिहिला जातो, दुसरीने फाइलींची अनुक्रमणिका. 'चेकडिस्क'ही मरणासन्न डिस्कवर चालवू नये, कारण ती दुरुस्तीच्या नावाखाली लिहीत सुटते. आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढील प्रयोग प्रतीवर करावेत. लिनक्सवरील 'डीडीरेस्क्यू' ही मोफत आज्ञावली खराब भाग तूर्त वगळून चांगला भाग आधी उतरवून घेते. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, म्हणून तो टाळावा. डिस्कची विद्युतपट्टी तशाच दुसऱ्या डिस्कच्या पट्टीने बदलण्याचा उपाय आधुनिक डिस्कबाबत सहसा चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची समायोजने मूळ पट्टीवरील एका चिपमध्ये असतात व ती चिपही हलवावी लागते. टक्-टक् करणारी डिस्क धूळमुक्त कक्ष असलेल्या माहिती-पुनर्प्राप्ती केंद्राकडे द्यावी, आणि देताना आधी कोणते उपाय केले ते लेखी कळवावे.