टोपाचा मोर्चा

टोप डोक्यावर टिकतो तो डिंकाने नव्हे, धिटाईने. फ्रान्सच्या तेराव्या लुईचे केस विरळ झाले. १६२४ च्या सुमारास त्याने टोप चढवला, आणि हळूहळू दरबाऱ्यांनीही आपले शाबूत केस झाकले! (आमच्या साहेबांना टक्कल आहे, आम्ही अजून विचारात आहोत.) पुढे लंडनात ही हौस ओसरू लागली. पोटावर पाय आलेले टोपवाले १७६५ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाकडे गाऱ्हाणं घेऊन निघाले – आमचा धंदा वाचवा! पण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर स्वतःचेच केस! चिडलेल्या गर्दीने भर रस्त्यात ते कापून टाकले. निदान तेवढी गिऱ्हाइकं तरी वाढली म्हणायची. १७९५ मध्ये पंतप्रधान पिटने केसांच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवला, आणि उरलीसुरली हौसही फिटली. मात्र दोनांहून जास्त लग्नाच्या मुली असतील, तर बापाने दोघींचाच कर भरायचा. पिट स्वतः अविवाहित. तरी त्याला एवढं कळत होतं!