राबाची राख आणि कॉलेजातलं शास्त्र

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो आणि अलीकडे गोदामांच्या रांगा. पण एप्रिल-मेमध्ये वाडा रस्त्याने अंबाडीकडे किंवा नाशिक महामार्गाने पडघ्याकडे गेलात, तर भातखाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतील. ती भाजलेली दाढ. या पद्धतीला राब म्हणतात. जमिनीचा कस राखायचा कसा आणि ते सांगायचं कुणी, यावरचा मोठा वाद या काळ्या चौकोनांभोवती झाला होता. आज 'रिजनरेटिव्ह' शेतीची, म्हणजे घेतलेलं मातीला परत देणाऱ्या शेतीची चर्चा ऐकताना तो वाद आठवायला हवा.

राबाची रीत साधी आहे. ज्या तुकड्यात रोपं करायची तिथे शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर थोडी माती टाकायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. पाऊस आला की त्या राखेवर भात पेरायचं. रोपं हाताएवढी झाली की उपटून खाचरात लावणी करायची. टहाळासाठी ऐनासारखी झाडं छाटावी लागत. म्हणून भातजमिनीला जोडून वरकस जमीन असे. तिथे नाचणी-वरीही पिके.

१८७८चा वनकायदा आला आणि या जोडीत फट पडली. वनखात्याच्या दृष्टीने टहाळ तोडणं म्हणजे जंगलाची नासाडी. शेतकऱ्याच्या दृष्टीने टहाळ नाही तर राब नाही, आणि राब नाही तर धड रोप नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी गाऱ्हाणी गेली, की मुंबई सरकारने १८८५मध्ये वन आयोग नेमला. आयोगाने १८८७मध्ये अहवाल दिला. राब ही शेतीची गरज आहे की निव्वळ सवय, हा त्यातला कळीचा प्रश्न होता.

या प्रश्नाचं उत्तर प्रयोग करूनच मिळणार होतं. पुढे १८८९ ते १८९१ या काळात जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनतज्ज्ञ इंग्लंडहून भारतीय शेती पाहायला आले. हिंदुस्थानी शेतकरी अडाणी आहे, हा समज त्यांनी १८९३च्या अहवालात मोडून काढला. राबाचीही त्यांनी दखल घेतली. मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह राबाचा रासायनिक अभ्यास केला. तो १९१२मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या राखेच्या खतमूल्यावर न थांबता, उष्णतेने मातीत काय घडतं हेही त्यांनी तपासलं. जी रीत मोडायला सरकारी खातं निघालं होतं, तिच्यामागचं कारण एका कॉलेजाने शोधलं. शेतकरी असं का करतो, हे आधी विचारलं म्हणूनच ते सापडलं.

याचा अर्थ राब निर्दोष होता असा नाही. लोकसंख्या वाढली, वरकस आणि रानं आटली, की तोच टहाळ डोंगर उघडे करतो. म्हणून पुढचे प्रयत्न महत्त्वाचे. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत राख राहिली, पण ती भाताच्या तुसाची. पेंढा पुन्हा शेतात गेला आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला खाचरात आला. म्हणजे झाडाचा पाला हवाच, पण तो रानातून ओरबाडलेला नको. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस टेक्निक पुढे आणलं, तेव्हा चिखलणी आणि लावणी दोन्ही गेली. गादीवाफ्यावर बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यात तणनाशकावर दिलेला भर मात्र अनेकांना खटकतो, आणि तो खटकायलाच हवा. तेच तंत्र तणनाशकाविना जमवणं हे १९७२पासून कोकणात काम करणाऱ्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि शेतकऱ्यांनी मिळून करायचं काम आहे.

पण भिवंडीपुढचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या भागांत भातखाचरांवर भराव पडला आणि गोदामं उभी राहिली. भातात मिळत नाहीत ते पैसे भाड्यात मिळतात. जमीन देणाऱ्याला दोष कसा द्यायचा? मात्र भरावाखाली गेलेली माती कोणत्याही तंत्राने परत येत नाही. आणि खाचरांत साठणारं, मुरणारं पावसाचं पाणी मग शेजाऱ्याच्या दारात जातं.

मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबानंतर आणखी एक काम केलं. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये जाऊन त्यांनी जमीन, तुकडे, कर्ज, मजुरी यांचा घरोघर हिशेब मांडला. तो १९१७मध्ये छापला गेला. आज तिथे उंच इमारती आहेत. त्या गावात काय होतं हे आपल्याला कळतं, कारण कुणीतरी वेळेत मोजून ठेवलं.

भिवंडी तालुक्यातल्या खेड्यांतून रोज शेकडो मुलं कॉलेजात जातात. कोणत्या खाचरात अजून पिकतं, कोणत्या विहिरीला मेपर्यंत पाणी असतं, दाढ अजून कोण भाजतं आणि का, हे त्यांना घरीच विचारता येईल. पुण्याच्या कॉलेजाला यासाठी परक्या गावात जावं लागलं होतं. इथे विचारणारा आणि सांगणारा एकाच ओटीवर बसलेले आहेत.