पेलेट स्टोव्हला प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट कसा जोडायचा? संपूर्ण माहिती

अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या अनेकांना भाड्याच्या घरात एक वेगळीच शेगडी दिसते. ती म्हणजे पेलेट स्टोव्ह. हा स्टोव्ह हाताने चालू-बंद करण्याऐवजी ठरलेल्या वेळी आपोआप चालवता येईल का? हो, येईल. पण त्यासाठी सोपा वाटणारा एक उपाय धोकादायक आहे. तो कोणता, तेही या लेखात पाहू.

पेलेट स्टोव्ह म्हणजे काय?

लाकडाचा भुसा दाबून साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या बनवतात. त्यांना पेलेट म्हणतात. स्टोव्हच्या टाकीत पेलेट भरले की मोटरवर फिरणारा स्क्रू ते थोडे थोडे आगीत टाकतो. एक पंखा धूर पाइपमधून घराबाहेर काढतो, तर दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. हे सगळं विजेवर चालतं आणि त्यावर एका सर्किट बोर्डाचं नियंत्रण असतं.

थर्मोस्टॅट नेमकं काय करतो?

आपल्याकडच्या गिझरमध्ये पाणी तापलं की दिवा आपोआप विझतो, ते काम थर्मोस्टॅटचंच. इथे तो खोलीचं तापमान बघतो. खोली थंड झाली की दोन वायर एकमेकींना जोडतो, पुरेशी गरम झाली की तोडतो. म्हणजे तो फक्त एक स्विच आहे. आग पेटवणं आणि विझवणं हे काम स्टोव्हचा बोर्डच करतो.

आधी हे तपासा

१. स्टोव्हच्या मागे थर्मोस्टॅटसाठी दोन टर्मिनल आहेत का? मॅन्युअलमध्ये त्याची आकृती असते.
२. स्टोव्हमध्ये स्वतः पेटणारा इग्नायटर आहे का? नसेल, तर थर्मोस्टॅट स्टोव्ह पेटवू शकणार नाही.
३. थर्मोस्टॅट लो-व्होल्टेज आहे का? भिंतीवरच्या इलेक्ट्रिक हीटरसाठीचे १२० किंवा २४० व्होल्टचे थर्मोस्टॅट इथे चालत नाहीत.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे बॅटरीवर चालणारा प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट.

जोडणी कशी करायची?

१. स्टोव्ह बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मगच प्लग काढा.
२. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर बसवा. स्टोव्हची थेट धग, ऊन किंवा दारातला वारा लागेल अशी जागा नको.
३. तिथून स्टोव्हपर्यंत दोन तारांची थर्मोस्टॅट वायर आणा. १८ गेजची वायर चालते. वायर स्टोव्हच्या गरम भागाला आणि धुराच्या पाइपला लागू देऊ नका.
४. थर्मोस्टॅटवर एक तार ‘आर’ आणि दुसरी ‘डब्ल्यू’ला जोडा. दुसरी टोकं स्टोव्हच्या दोन टर्मिनलला लावा. तिथे आधीपासून जंपर असेल आणि मॅन्युअलमध्ये तसं सांगितलं असेल, तर तो काढा.
५. प्लग लावून स्टोव्ह थर्मोस्टॅट मोडवर ठेवा.

ऑन-ऑफ की हाय-लो?

अनेक स्टोव्हमध्ये हे दोन मोड मिळतात. ऑन-ऑफमध्ये खोली गरम झाली की आग पूर्ण विझते. हाय-लोमध्ये ती मंद होऊन चालू राहते. कडाक्याच्या थंडीत हाय-लो बरा, कारण इग्नायटरला पुन्हा पुन्हा काम पडत नाही. हवा थोडी उबदार असेल तेव्हा ऑन-ऑफमध्ये पेलेट वाचतात.

थर्मोस्टॅटमध्ये ‘स्विंग’ किंवा ‘डिफरन्शियल’ सेटिंग असेल तर ते २ ते ३ अंश फॅरेनहाइट ठेवा. फारच कमी ठेवलं तर स्टोव्ह सतत पेटत-विझत राहतो.

मोबाइलवरून चालवता येईल का?

येईल, पण बऱ्याच वाय-फाय थर्मोस्टॅटना २४ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि स्टोव्हचे टर्मिनल तो देत नाहीत. त्यासाठी वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि आयसोलेशन रिले लागतो. बाहेरचे २४ व्होल्ट थेट स्टोव्हच्या टर्मिनलला दिले तर बोर्ड जळू शकतो. म्हणून हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्या.

स्मार्ट प्लग अजिबात नको!

‘दोन-चार वायरींची कटकट कशाला, स्मार्ट प्लग लावू आणि ॲपवरून बंद करू’ असं वाटू शकतं. पण वीज तोडली की धूर बाहेर काढणारा पंखाही थांबतो. आत पेलेट जळतच असतात. मग धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो. थर्मोस्टॅटने बंद केल्यावर मात्र उरलेले पेलेट जळेपर्यंत आणि स्टोव्ह थंड होईपर्यंत पंखा चालू राहतो. थर्मोस्टॅट कोणताही असो, घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

वेळापत्रक कसं लावायचं?

जागे असताना ६८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस पुरतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते, रोज ८ तास तापमान ७ ते १० अंश फॅरेनहाइटने कमी ठेवलं तर हीटिंग-कूलिंगच्या वार्षिक खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. स्टोव्हला पेटून तापायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळची वेळ उठण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीची ठेवा.

घर भाड्याचं असेल तर वायरला हात लावण्याआधी घरमालकाची परवानगी घ्या.