नेओमी सिम्स आणि न्यूयॉर्कचे बंद दरवाजे

१९६७ सालची गोष्ट. फॅशनचे शिक्षण घेणारी अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी न्यूयॉर्कमध्ये मॉडेलिंग एजन्सींचे उंबरठे झिजवत होती. उंच, सडपातळ, रेखीव चेहऱ्याची. पण वर्णाने काळी. एजन्सींनी नकार दिला. तुझा रंग फारच गडद आहे, असेही काहींनी तोंडावर सांगितले. मुलीचे नाव नेओमी सिम्स.

१९४८ साली मिसिसिपी राज्यात जन्मलेली नेओमी पिट्सबर्गमध्ये परक्या कुटुंबात वाढली. तेराव्या वर्षीच पाच फूट दहा इंच उंची, त्यामुळे मुलांची चेष्टा नित्याची. पुढे शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आली. दिवसा फॅशन, रात्री मानसशास्त्र असे शिक्षण चालू होते आणि पैशाची चणचण होतीच.

एजन्सी दारात उभे करीनात, तेव्हा ती थेट छायाचित्रकारांकडे गेली. गोस्टा पीटरसन यांनी तिचे छायाचित्र काढले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या फॅशन पुरवणीच्या मुखपृष्ठावर आली. आता कामांची रीघ लागेल असे कोणालाही वाटेल. तसे काही झाले नाही.

पण मुलगी डोकेबाज! विल्हेल्मिना कूपर या नावाजलेल्या मॉडेलने तेव्हा नुकतीच स्वतःची एजन्सी काढली होती. नेओमीने तिच्याशी सौदा केला: मुखपृष्ठाच्या प्रती मीच जाहिरात कंपन्यांना पाठवते, सोबत फक्त तुमचा फोन नंबर देते, काम आले तर तुमचे कमिशन तुम्ही घ्या. विल्हेल्मिनाच्या पदरचे काहीच जाणार नव्हते. वर्षभरात नेओमी आठवड्याला हजार डॉलर मिळवू लागली. नोव्हेंबर १९६८ मध्ये ती ‘लेडीज होम जर्नल’ या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली, तर १९६९ मध्ये ‘लाइफ’च्या.

गिऱ्हाइकाला काय रुचेल, हे पुष्कळदा त्याला न विचारताच ठरवले जाते. (आपल्याकडच्या ‘वधू पाहिजे’ जाहिरातींतला ‘गोरी’ हा शब्द आठवा, म्हणजे अमेरिकेला नावे ठेवताना जीभ जरा अडखळेल.) ब्रिटिश ‘व्होग’ने मार्च १९६६ मध्ये डॉनयेल लूना या कृष्णवर्णीय मॉडेलला मुखपृष्ठावर घेतले खरे, पण त्या छायाचित्रात तिचा निम्मा चेहरा तिच्याच हाताने झाकलेला आहे. अमेरिकी ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय स्त्री, बेव्हर्ली जॉन्सन, यायला तर ऑगस्ट १९७४ उजाडला.

तोवर नेओमीने मॉडेलिंग सोडलेही होते. १९७३ मध्ये तिने केसांच्या टोपांचा, म्हणजे विगचा, व्यवसाय सुरू केला. बाजारातले विग गोऱ्या बायकांच्या केसांसारखे असत. काळ्या स्त्रियांच्या केसांचा पोत त्यांत नव्हता. मग नेओमीने कृत्रिम धागे घरच्या ओव्हनमध्ये भाजून प्रयोग केले आणि हवा तसा पोत साधला. पाचेक वर्षांत तिचे विग देशभरच्या मोठ्या दुकानांतून विकले जाऊ लागले. पुढे सुगंधी द्रव्ये आणि सौंदर्यप्रसाधनेही आली. १९७६ मध्ये तिने काळ्या स्त्रियांच्या आरोग्य-सौंदर्यावर पुस्तक लिहिले. २००९ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ती वारली.